रिकामं कार्ट्रिज आणि मधले दोन महिने

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंकजेट प्रिंटरवर ‘शाई संपत आली’ असा इशारा दिसला तरी घाबरू नका, छपाई फिकी होईपर्यंत चालू द्या आणि मग कार्ट्रिज घरीच भरा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही तसंच केलंत. रिकामं कार्ट्रिज काढून टेबलाच्या खणात ठेवलंत, दोन महिन्यांनी शाई आणून भरलंत, आणि पानावर राखाडी अक्षरं, मधे मधे पांढऱ्या रेघा. पाच वेळा हेड क्लीनिंग (प्रिंटरने शाई ओढून स्वतःच छिद्रं साफ करायची सोय) केलंत, तरी काळा रंग आला नाही आणि रंगीत शाईही त्यात गेली. ‘असले सल्ले देण्यापेक्षा सरळ नवीन घ्या म्हणून सांगा’ असं तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक. ‘फिकी होईपर्यंत’ हे शब्द मी लिहायला नको होते. तुमच्या वर्णनावरून तुमचं कार्ट्रिज तांब्याच्या ठिपक्यांची पट्टी असलेलं आहे, म्हणजे छपाईचं हेड त्याच्या अंगालाच आहे. अशा हेडमध्ये शाई उडवणाऱ्या प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणार्धात सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. (या तंत्राची सुरुवात १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत झाली, तीही शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून लागल्यामुळे. कार्ट्रिज भरायला सुई हातात घेतली की मला हे हमखास आठवतं.) त्या हीटरला थंड ठेवायचं कामही शाईच करते. शाई नसताना प्रिंटर आज्ञा देतच राहिला, तर हीटर कोरडाच तापतो आणि जळतो. जळलेलं छिद्र कुठल्याही शाईने परत चालू होत नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी ते लिहिलं नाही. तुमचा राग रास्त आहे.

इशाऱ्याबद्दल मात्र मी लिहिलेलं खरं आहे. बहुतेक प्रिंटर शाई मोजत नाहीत, किती थेंब उडवले याचा हिशेब ठेवतात. त्यामुळे इशारा येतो तेव्हा कार्ट्रिजच्या आतल्या, शाई धरून ठेवणाऱ्या स्पंजात थोडी शाई असतेच. पण ती उरलेली शाई म्हणजे रिफिलची बाटली घरात यायला मिळालेली सवड समजा. पहिली पांढरी रेघ दिसली की थांबायचं. अर्धं पान राहिलंय, तेवढं होऊन जाऊ दे, हा मोह तिथेच आवरायचा.

आता मधले दोन महिने. माझ्या मते तुमचं खरं नुकसान इथे झालं. प्रिंटर बंद असताना कार्ट्रिज एका कडेला जाऊन रबराच्या टोपीवर बसतं. ती टोपी छिद्रं झाकते, ओल टिकवते. तुम्ही ते बाहेर काढून खणात उघडं ठेवलंत, तेव्हा शाईतलं पाणी उडून गेलं आणि छिद्रांच्या तोंडाशी रंगाची खपली धरली. आतला स्पंजही वाळला. वाळलेला स्पंज नवी शाई नीट शोषत नाही, त्यात हवेचे कप्पे अडकून बसतात आणि खाली हेडपर्यंत शाई पोचतच नाही. म्हणून रिकामं झालेलं कार्ट्रिज शाई येईपर्यंत प्रिंटरमध्येच राहू द्यावं, आणि शाई दोन-चार दिवसांत आणावी. मी स्वतः इशारा आल्याच्या आठवड्यातच भरते. एकदा गावाला गेले होते आणि कार्ट्रिज तीन आठवडे बाहेर राहिलं, तर तेही असंच फुकट गेलं.

भरताना घाई केलीत का, हेही विचारायचं आहे. सुई स्पंजात खोलवर घालून शाई इतकी हळू सोडायची की एक मिलिलिटरला मिनिटभर लागावा. भराभर दाबलं की शाईआधी हवाच आत कोंडते. सुई घातलेल्या वरच्या छिद्राशी शाई चमकली की थांबून थोडी परत ओढून घ्यायची. स्पंज शाईला आत ओढून धरतो म्हणून ती गळत नाही. तो तुडुंब भरला की ती पकडच जाते आणि खालून थेंब टपकू लागतात.

रिफिल करणं कंपनीच्या पेटंटवर डल्ला आहे, असंही तुम्ही ओघात लिहिलंय. त्यावर एवढंच: इम्प्रेशन प्रॉडक्ट्स (भरलेली जुनी कार्ट्रिजं विकणारी कंपनी) विरुद्ध लेक्समार्क (प्रिंटर बनवणारी कंपनी) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. तो खटला लेझर प्रिंटरच्या टोनरचा, म्हणजे शाईऐवजी भुकटी असलेल्या कार्ट्रिजचा होता, पण मुद्दा तोच आहे.

‘सरळ नवीन घ्या’ हे मी सरसकट सांगणार नाही. ज्यांच्याकडे महिन्यातून एखादंच पान छापलं जातं, त्यांनी नवीन घ्यावं, कारण त्यांची शाई संपण्याआधी वाळते. जे दर आठवड्याला छापतात, त्यांनी हेड शाबूत असलेलं कार्ट्रिज चार-पाच मिलिलिटर शाईसाठी फेकून द्यावं, हे मला पटत नाही. त्यात प्लास्टिक आहे, तांबं आहे, केसाहून बारीक छिद्रांची नाजूक घडण आहे. ते कचऱ्यात जाताना मला खरंच वाईट वाटतं.

तुमचं कार्ट्रिज टाकलं नसेल तर एक करून बघा. हेड क्लीनिंग आता अजिबात नको. त्यात सगळ्याच रंगांची शाई ओढली जाऊन प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते, आणि ते पॅड भरलं की प्रिंटरच अडून बसतो. टिश्यू पेपरची जाड घडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, त्यावर कार्ट्रिज छिद्रांच्या बाजूने पाच मिनिटं ठेवा. घासू नका, तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावू नका. मग कोरड्या टिश्यूवर हलकेच दाबून उचला. काळी पट्टी सलग उमटली, तर शाई खालपर्यंत आली आहे. अर्धवट उमटली, तर पुन्हा भिजवा.

त्यानंतर प्रिंटरच्या मेनूतलं छिद्रतपासणीचं (नोझल चेक) पान तीनदा छापा आणि तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवा. गायब रेघा दर वेळी जागा बदलत असतील, तर तो अडकलेला मळ किंवा हवा आहे आणि आशा आहे. तिन्ही पानांवर नेमक्या त्याच रेघा नसतील आणि टिश्यूवरची पट्टी मात्र सलग असेल, तर ते हीटर जळलेत. दोन्हींपैकी काय दिसतं ते इथेच कळवा. मूळ लेखातलं ‘फिकी होईपर्यंत’ मी आज काढून टाकलं आहे.