‘लेक पोट धरून पडलीय आणि तुम्ही सूर्यनमस्कार सांगता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

पाळीच्या दुखण्यावर व्यायामाचा उपयोग होतो, असं मी लिहिलं आणि तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. अकरावीतली तुमची लेक पहिल्या दिवशी उलट्या करत पडून असते, तिला व्यायाम सांगणं ही थट्टा आहे, हा एक. आणि तुमच्या सासूबाई जन्मभर शेतात राबूनही दर महिन्याला कळवळायच्या, मग अंग हलवल्याने दुखणं जातं हे कशावरून, हा दुसरा.

पहिल्या दिवशी तिला काहीही करायला लावू नका. शेक, विश्रांती आणि गरज असेल तर गोळी. व्यायामाचा उपयोग महिन्याच्या बाकीच्या दिवसांत. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली पाळीच्या दुखण्यावर व्यायाम देऊन पाहणाऱ्या १२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ८५४ जणी होत्या, बहुतेक पंचविशीच्या आतल्या. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभराच्या मोजपट्टीवर साधारण २५ ने कमी झालेलं दिसलं. दहाचा फरकही जाणवण्याजोगा धरतात, म्हणजे हा आकडा लहान नाही. योगासनं, स्ट्रेचिंग, झुंबा, काहीही चाललं. घाम गाळलाच पाहिजे असं नव्हतं.

मात्र हा पुरावा कच्चा आहे, हे त्या अहवालातच म्हटलंय. चाचण्या छोट्या होत्या. शिवाय आपण व्यायाम करतोय हे त्या मुलीला ठाऊक असतं आणि दुखणं किती हेही तीच सांगते, त्यामुळे मनाचा वाटा वेगळा काढता येत नाही. गोळीपेक्षा व्यायाम सरस, असं तर त्यात कुठेच नाही. म्हणून ‘गोळ्या कशाला, धावायला जा’ असं कुणी सांगितलं तर खुशाल कानाआड करा.

उलट्यांचं म्हणाल तर ती नाटकं नाहीत, हे घरातल्या इतरांनाही सांगा. गर्भाशयाचं अस्तर सुटताना त्यात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू इतके आवळले जातात की रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. हीच द्रव्यं रक्तातून पसरली की मळमळ, उलट्या, जुलाब. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी ही द्रव्यं तयार होणंच कमी करते. म्हणून ती दुखायला लागताच, काहीतरी खाऊन घ्यायची. ‘सहन होतंय तोवर बघू’ म्हणत दुपार उजाडली की तिचा जोर कमी पडतो. पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता. गोळीनंतर अंगावर पुरळ किंवा ताप आला तर ती बंद करून लगेच दवाखाना गाठा.

आता सासूबाई. शेतातलं राबणं आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायाम करणारी दमली की थांबते, पाणी पिते, नको असेल त्या दिवशी सुट्टी घेते. खुरपणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? ऊसतोडीला जाणारीला तर खाडा झाला की दंड भरावा लागतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार ३०९ बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या कष्टांत कमी पडत होत्या असं कोण म्हणेल? त्यांना हवा होता आराम, मोरीची सोय आणि धड तपासणी. ‘पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या म्हणून त्यांना दुखायचं नाही’ हे वाक्य मला म्हणूनच मुळीच पटत नाही. दुखायचं, सांगायचं कुणाला, एवढंच.

तुमच्या लेकीबद्दल एक गोष्ट मात्र मला खटकली. गोळी घेऊनही कॉलेज बुडतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. साधं दुखणं पहिल्या पाळीनंतर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतं आणि एक ते तीन दिवसांत ओसरतं. दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळीच्या आधीपासूनच सुरू होत असेल, शौचाला किंवा लघवीला कळ येत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची शंका घ्यायला हवी. जननक्षम वयाच्या साधारण दहातल्या एकीला तो असतो आणि निदानाला कित्येकदा वर्षानुवर्षं लागतात, कारण ‘लग्न झालं की थांबेल’ म्हणून तिला परत पाठवलं जातं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना दोन-तीन पाळ्यांची नोंद न्या: कोणत्या दिवशी किती दुखलं, कोणती गोळी कधी घेतली, किती उतार पडला. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस नाहीच असं ठरत नाही. ‘रिपोर्ट चांगला आहे, काही नाही’ म्हणून विषय मिटवायला लागले, तर तिथेच हे विचारा आणि गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.