संदेष्ट्याचा इशारा शेजाऱ्याला कसा लावावा

सकाळच्या फॉरवर्डसाठी वचन शोधताय? बायबलमधलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक घ्या. यिर्मया फार रडवतो, यशया ६६ अध्यायांचा, कोण वाचणार. आमोस ९ अध्यायांत संपतो आणि एकेक वाक्य असं झोंबणारं की ग्रुपवर टाकलं की ज्याला लागायचं त्याला बरोब्बर लागतं. ज्याला म्हणजे दुसऱ्याला. तेवढं आधी क्लिअर ठेवा, नाहीतर संदेष्टे वाचण्यात काही मजा नाही.

मुळात हा माणूस तकोवाचा, मेंढरं राखणारा, उंबरांची निगा राखणारा, दक्षिणेच्या यहूदा राज्यातला. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात तो उठला आणि उत्तरेला इस्राएलच्या राज्यात जाऊन बोलायला लागला. तिकडे दुसऱ्या यराबाम राजाचं राज्य, पैसा खेळतोय, बेथेलच्या देवस्थानाला गर्दी, यज्ञ जोरात, सगळं कसं छान चाललेलं. म्हणजे इशाऱ्याची काहीच गरज नव्हती. आपल्यालाही नसते.

वाचायची पद्धत सांगतो. पहिल्या अध्यायापासून मोठ्याने वाचा. दिमिष्काचे अपराध, गज्जाचे अपराध, सोर, अदोम, अम्मोन, सगळे इस्राएलचे शेजारी. प्रत्येकावर अग्नी पाठवीन म्हणतोय, काय सुंदर. दुसऱ्या अध्यायात मवाब, मग यहूदा, म्हणजे भाऊबंदच, त्यांचं ऐकायला तर जास्तच बरं वाटतं. ऐकणारे इस्राएली माना डोलवत असणार, बरोबर बोलतोय हो माणूस. इथे थांबा! दुसऱ्या अध्यायाचं पाचवं वचन झालं की पुस्तक मिटायचं आणि चहा घ्यायचा. कारण सहाव्या वचनात तो ऐकणाऱ्यांकडेच वळतो, आणि तिथून शेवटपर्यंत जवळजवळ सगळं त्यांच्यावरच आहे. गरिबाला एका जोड्यासाठी विकता वगैरे. एवढं पर्सनल व्हायची काय गरज होती कळत नाही.

उपासनेनंतर बाहेर चपला घालताना "आजचा संदेश अगदी त्यांच्यासाठीच होता" असं हळू म्हणावं. त्यांच्या म्हणजे कोणाच्या ते डोळ्यांनी सांगावं.

दान दिलंत तर पंख्याच्या पात्यावर नाव घाला, तिन्ही पात्यांवर. यावर आमोस चौथ्या अध्यायात म्हणतोच, बेथेलला या आणि पाप करा, तीन तीन दिवसांनी दशांश आणा, स्वखुशीच्या अर्पणांची जाहीर घोषणा करा, तुम्हाला तेच आवडतं ना. (म्हणजे असा तिरका सल्ला द्यायची आयडिया माझी नाही, त्याचीच आहे, मला बोलू नका.)

पाळकसाहेब फारच खरं बोलायला लागले तर बदलीचं बघा. बेथेलच्या अमस्या याजकाने तेच केलं, आधी राजाकडे तक्रार आणि मग आमोसला सरळ, तुझ्या यहूदात जा, तिकडे भाकर खा, तिकडेच संदेश दे, इथे नको, हे राजाचं पवित्रस्थान आहे. कमिटीत असे लोक लागतात.

गाण्यांचा गोंगाट दूर करा असं देव म्हणतो तिथे साउंडवाल्याला म्हणत असेल.

आता गहाणाचं. हे नीट समजून घ्या कारण इथे बरेच जण चुकतात. नियम साधा होता, बायबलच्याच निर्गम पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे, गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत द्या, तो रात्री काय पांघरून निजेल? आणि आमोस म्हणतो हे लोक त्याच गहाणाच्या वस्त्रांवर प्रत्येक वेदीजवळ आडवे होतात. म्हणजे दुसऱ्याचं अडकवून ठेवलेलं अंथरून प्रार्थनेला. आता गहाण कोण घेतं, आता डिपॉझिट असतं. आमचे जुने घरमालक अतिशय भक्तिमान, पहिल्या बाकावर, अंतःकरण तपासा यावर डोळ्यांत पाणी आणून बोलतात. घर सोडलं, चाव्या दिल्या, डिपॉझिट? बघू म्हणाले, नाताळ होऊ दे. नाताळ झाला. मग उपवासकाळ, त्यात पैशाचं बोलणं बरं नाही म्हणे. मग ईस्टर. मग रंगाचे पैसे कापणार, नळाचे कापणार, भिंतीत खिळे आहेत त्याचे कापणार, ते खिळे आम्ही राहायला जायच्या आधीपासून आहेत काका, त्यावर तुमचंच कॅलेंडर होतं! आणि परवा सकाळी त्यांच्याकडून मलाच फॉरवर्ड, मागे गुलाब, हृदय सर्वांत कपटी आहे, यिर्मया १७. मला! आमोसच्या काळातले व्यापारी निदान म्हणायचे की सण कधी संपतो म्हणजे धान्य विकायला काढू, माप लहान करू, तराजूत खोट घालू. ते सण संपायची वाट लुबाडायला बघत होते. आमचे काका सण संपू नये म्हणून प्रार्थना करत असावेत.

यावर कोणी म्हणेल जाऊ दे, छोटी गोष्ट आहे. १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर, यावने-यामजवळच्या एका जुन्या किल्ल्यात खापर सापडलं, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या अखेरचं, त्यावर शाईने लिहिलेला अर्ज आहे. एक कापणीवाला मजूर अधिकाऱ्याला सांगतोय की मी माझं काम पूर्ण केलं, धान्य भरलं, तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला, उन्हात माझ्यासोबत कापणी करणारे साक्ष देतील, माझं वस्त्र मला परत मिळवून द्या. अख्खं खापर एका वस्त्रासाठी. मजुराचं स्वतःचं नाव त्यात नाही, पण नेणाऱ्याचं आहे, बापाच्या नावासकट. २६०० वर्षं झाली, लोक अजून वाचतायत.

आणि इस्राएलची राजधानी शोमरोन, तिचं काय झालं ते माहीत आहे ना? हस्तिदंती पलंगांवर लोळता, असं आमोस ज्यांना म्हणाला, त्यांच्या त्या शहरात १९३०च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा हस्तिदंताचे कोरीव तुकडे खरंच सापडले. तुकडे. शहर ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरने घेतलं. तोपर्यंत बेथेलला सगळे आत्मपरीक्षणच करत असतील बहुतेक.

कसलं डोंबलाचं आत्मपरीक्षण! डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, हळू आवाजात, आत काय सापडतं तुम्हाला? थोडा राग, थोडा अहंकार, प्रभू क्षमा कर, झालं, चला जेवायला. आमोसने कोणाला डोळे मिटायला सांगितले नव्हते. तो तराजू बघा म्हणत होता, वेशीत, म्हणजे तेव्हाच्या कोर्टात, कोणाचा न्याय दाबला जातोय ते बघा म्हणत होता, अंगाखाली कोणाचं वस्त्र आहे ते बघा म्हणत होता. या सगळ्या बाहेरच्या गोष्टी आहेत, दिसतात, मोजता येतात, म्हणून तर तुम्हाला आत बघायला आवडतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे सुट्टीचे पैसे कापता आणि रविवारी आमोसच्याच न्याय पाण्यासारखा वाहो यावर आमेन म्हणता, लाज नाही वाटत? ड्रायव्हरचा मागच्या महिन्याचा पगार राहिलाय, भावाच्या सह्या न घेता जमिनीचा व्यवहार केलाय, कोणाचं तरी डिपॉझिट दाबलंय, तुम्हाला ठाऊक आहे कोणाचं, मला विचारायची गरज नाही. ज्या फोनवरून वचनं पाठवता त्याच फोनमध्ये यूपीआय आहे. आधी ते उघडा, पैसे पाठवा, पूर्ण पाठवा, खिळ्यांचे न कापता. मग वचन पाठवा. नाही पाठवलंत तरी चालेल.