सायकलवरचे पंतप्रधान आणि आमचा अनधिकृत मजला

दादाने फॅमिली ग्रुपवर पुन्हा ती रील टाकली. नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे सायकलवरून चाललेत, मागे पार्श्वसंगीत, आणि वर पट्टी : "याला म्हणतात लोकशाही!" मग त्याच रुटेंनी सांडलेली कॉफी स्वतः मॉपने पुसली ते दृश्य. मग आपल्याकडचा एक गाड्यांचा ताफा. त्याखाली दादाची नेहमीची ओळ : "तिकडे सरकार शब्दाला जागतं, कारण माणसं सरळ आहेत. आपले लोकच नालायक, त्यात सरकारचा काय दोष?" मावशीने लगेच हात जोडलेली इमोजी टाकली. आमच्याकडे वाद संपला असं यावरून समजायचं.

माझा संपत नाही. दहा वर्षांहून जास्त काळ आइंडहोवनमध्ये राहतेय, कर भरतेय, आणि हा देश म्हणजे सोनचाफ्याची बाग असं मला पुण्याहून कोणी समजावून सांगितलं की माझं डोकं फिरतं. त्या रीलमधला सायकलवरचा एक तुकडा तर 15 जानेवारी 2021चा आहे. त्या दिवशी रुटे राजाकडे निघाले होते ते मंत्रिमंडळाचा राजीनामा सांगायला. राजीनामा कशासाठी? सरकारने आपल्याच हजारो नागरिकांना चोर ठरवून देशोधडीला लावलं होतं, म्हणून. रीलवाल्याने एवढं कापलंय.

तो टुस्लाखचा, म्हणजे सरकारी भत्त्यांचा, घोटाळा थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही. डे-केअरचा खर्च इथे प्रचंड. आई-बाप दोघं कामावर असतील तर सरकार त्यातला मोठा हिस्सा उचलतं आणि पैसे दर महिन्याला आगाऊ खात्यावर टाकतं. 2013 मध्ये बल्गेरियातून आलेल्या टोळ्यांनी असल्या भत्त्यांवर डल्ला मारल्याचं टीव्हीवर आलं आणि सगळा देश "कडक व्हा, कडक व्हा" म्हणून ओरडू लागला. सरकार कडक झालं. कोणासाठी? स्वतःच्या वाट्याचे थोडे पैसे भरायचे राहिले, एखादी पावती सापडली नाही, की त्या वर्षाचा पूर्ण भत्ता परत मागायचा. शंभर-दोनशे युरोंच्या चुकीला हजारो युरोंची वसुली. दुहेरी नागरिकत्व असलं तर संशय आणखी दाट. आमच्याच आइंडहोवनमधल्या एका पाळणाघर एजन्सीशी जोडलेल्या सुमारे तीनशे पालकांचे भत्ते 2014 मध्ये एका फटक्यात थांबवले गेले. त्यातले बरेचसे तुर्की-मोरोक्कन आडनावांचे. त्यांच्या बाजूने एक वकीलबाई वर्षानुवर्षं लढत राहिल्या. न्यायालयंही कितीतरी काळ म्हणत होती, कायदाच तसा आहे, आम्ही काय करणार. सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने आपली भूमिका बदलली ती ऑक्टोबर 2019 मध्ये.

डिसेंबर 2020च्या संसदीय अहवालाचं नावच 'अभूतपूर्व अन्याय'. पीडित पालकांचा तेव्हाचा अंदाज 26,000च्या आसपास होता, पुढे तो वाढतच गेला. कर्जापायी घरं गेली, संसार मोडले, हजाराहून जास्त मुलं आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. म्हणजे दादा, सरळ माणसांच्या या देशात सरकारने सरळ माणसांनाच झोडपलं. आणि मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा रुटेंचाच पक्ष पहिला आला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर : "पण राजीनामा तरी दिला ना!"

इथे मला गप्प बसावं लागलं. तेवढ्यापुरतंच.

दादाचं दुखणं वेगळं आहे हे मलाही माहीत आहे. बाबा टेल्कोत होते. 1972 साली पिंपरी-चिंचवडला प्राधिकरण स्थापन झालं ते कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. निगडीच्या बाजूला रुंद रस्ते झाले, झाडं लागली, बंगले उभे राहिले, आणि बाबांसारख्यांनी शेतकऱ्याकडून साध्या कागदावर गुंठा-अर्धा गुंठा घेतला. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, आणि सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावांची जत्रा. त्या गुंठ्यावर आधी पत्रे, मग विटा, मग स्लॅब. महापालिकेने रस्ता दिला, नळ दिला, घरपट्टीही लावली. परवानगी तेवढी कधी मिळाली नाही. त्या काळेवाडी-रहाटणी-थेरगाव पट्ट्यात अशी घरं हजारोंनी आहेत.

दादाने लग्नानंतर वरचा मजला चढवला तो 2010 मध्ये. तोवर नवा नियम आला होता : 4 जानेवारी 2008 नंतरच्या अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड. शास्तीकर. पिंपरी-चिंचवडमध्ये या एका शब्दावर किती निवडणुका लढल्या गेल्या याची गणती नाही. पुढे 2012 मध्ये श्रीकर परदेशी आयुक्त म्हणून आले आणि बुलडोझर फिरू लागले. दादा घाबरला. पतसंस्थेतून कर्ज काढून त्याने सलग काही वर्षांची शास्ती भरली. पावत्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, वर्षवार, गुलाबी पिना लावून. शेजारच्या अण्णांनी एक रुपया भरला नाही. "इलेक्शन येतंय, माफ होईल," एवढंच म्हणायचे. आधी छोट्या घरांना सूट मिळाली, आणि 2023 मध्ये राज्य सरकारने उरलेली शास्ती सरसकट माफ केली. अण्णांनी पेढे वाटले. एक आमच्याकडेही आला. दादाने तो खाल्ला नाही, असं वहिनी सांगते.

आता दादा म्हणतो, यापुढे सरकारला एक दमडी द्यायची तर आधी चार वर्षं थांबायचं. त्याचं चुकतंय असं मला सिद्ध करता येत नाही. नुसत्या तारखा बघा. मुंबईत झोपड्यांना संरक्षण 1995 पर्यंत, मग 2000 पर्यंत, मग पैसे भरून 2011 पर्यंत. गुंठेवारीचा कायदा 2001 सालचा, त्यात मुदत 1 जानेवारी 2001. वीस वर्षांनी ती सरकवून 31 डिसेंबर 2020 केली. मध्ये 2017 साली नगररचना कायद्यात कलम घालून 2015 अखेरपर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय केली. दर वेळी "ही शेवटची संधी". जो थांबला तो जिंकला. मग "लोकच नालायक" कसं म्हणायचं? लोकांनी सरकारचा नीट अभ्यास केलाय, एवढंच. अण्णा जे शिकले ते सरकारनेच शिकवलं.

आणि हो, हेही बोलून टाकते. दादा स्वतःला नियम पाळणारा म्हणवतो, पण भांडण अनधिकृत मजल्याच्या दंडावरून चाललंय. मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा वहिनी ग्रुप सोडून गेली. दोन दिवसांनी परत आली.

इथे नेदरलँड्समध्ये कायदा पाळणं सोपं पडतं, कारण तो पाळायला लागणारी गोष्ट आधी उपलब्ध असते. बांधकामाची परवानगी सरकारी संकेतस्थळावर डिगीडीने, म्हणजे इथल्या सरकारी ऑनलाइन ओळखीने, लॉग-इन करून मागता येते. मागच्या अंगणात शेड टाकायची तर मोजमाप टाकलं की परवानगी लागते की नाही तेही कळतं. आमच्या शेजारच्या यान-काकांना कुंपण दहा सेंटिमीटर उतरवावं लागलं, आणि त्यांनी ते कुरकुरत उतरवलं. यान-काका आमच्या दादापेक्षा सज्जन आहेत असं मुळीच नाही. शेजारणीच्या चेरीच्या झाडावरून त्यांनी जे पत्रयुद्ध चालवलंय ते आमच्या भाऊबंदकीला लाजवेल. फक्त त्यांना ठाऊक आहे की उद्या कुंपणांना माफी मिळणार नाही.

पण सरकारच्या शब्दाची किंमत सगळ्यांना सारखी वसूल करता येते का? इथेही नाही, आणि हा भाग मला जास्त टोचतो, कारण त्यात मी आहे.

आम्हाला थर्टी परसेंट रूलिंग होतं. म्हणजे माझ्या पगाराच्या 30 टक्के रकमेवर कर नाही, आणि माझ्याच टेबलावर बसणाऱ्या, याच गावात जन्मलेल्या सहकाऱ्याला पूर्ण कर. कारण काय, तर मी बाहेरून आलेय आणि माझी गरज आहे. याहून उघड अन्यायाचा कायदा शोधून सापडायचा नाही. पत्रात लिहिलं होतं आठ वर्षं. 2018 मध्ये सरकारने जाहीर केलं, आता पाचच, आणि आधी पत्र मिळालेल्यांनाही तेच लागू. तेव्हा आमच्या कँटीनमधला गदारोळ बघायला हवा होता. तमिळ, तेलुगू, मराठी, ब्राझिलियन, सगळे एका सुरात : सरकारने शब्द फिरवला! घर घेतलंय त्या हिशोबावर! सह्या गोळा झाल्या, खासदारांना पत्रं गेली, कंपन्यांनीही सूर लावला. ऑक्टोबरमध्ये सरकार नमलं आणि मधल्या दोन वर्षांची मुभा मिळाली. मीही सही केली होती, आणि परत वेळ आली तर करीन. दिलेला शब्द तो दिलेला शब्द.

पण आइंडहोवनचे ते तीनशे पालक तेव्हा चार वर्षं ओरडत होते. त्यांच्यासाठी आमच्या कँटीनमध्ये कागद फिरला नाही. मलाही डे-केअरचा भत्ता मिळत होता. एकदा कर खात्याचं निळं पाकीट आलं, उत्पन्न अंदाजापेक्षा वाढल्यामुळे थोडी रक्कम परत करा असं. आकडा बरोबर होता, मी हप्ते लावून भरून टाकला. आमची नावं त्या यादीत नव्हती. आम्ही 'नॉलेज मायग्रंट', म्हणजे कंपनीने बोलावलेले कुशल परदेशी, आमच्या कंपनीचं नाव पत्रावर असतं. त्या काळात बातम्या बघताना मला राग यायला हवा होता, पण पहिल्यांदा आली ती सुटल्याची भावना. असं वाटणं म्हणजे या देशात रुजणं असेल तर मी चांगलीच रुजलेय.

व्होडाफोनचंच घ्या ना. जानेवारी 2012 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कंपनीने कर द्यायचा नाही. त्याच वर्षी सरकारने कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला, पार 1962 पासून. कंपनी नेदरलँड्समध्ये नोंदलेली, म्हणून भारत-नेदरलँड्स कराराचा आधार घेऊन ती हेगच्या लवादाकडे गेली, आणि सप्टेंबर 2020 मध्ये जिंकली. 2021 मध्ये संसदेने ती पूर्वलक्षी मागणी मागे घेतली. म्हणजे सरकारला फिरवलेला शब्द परत घ्यायला लावता येतो. हेगला जायचं तिकीट तेवढं हवं. आमच्या घरापासून हेग ट्रेनने दीड तास, पण दादाच्या गुलाबी पिनांच्या फोल्डरसाठी तिथे खिडकी नाही.

दादा म्हणतो, तुला काय, तू तिकडे बसून बोलतेस. आता या वाक्यावर माझं ठरलेलं उत्तर आहे आणि ते मी दर वेळी देते. मार्च 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपली आणि तिथे प्रशासक बसला. शास्ती माफीचा निर्णय आला तेव्हा दादाला जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. त्याच मार्च 2022 मध्ये मी, परकी बाई, आइंडहोवनच्या नगरपरिषदेसाठी मत दिलं. पाच वर्षं कायदेशीर राहिलं की इथे तो हक्क मिळतो. मतपत्रिका टेबलक्लॉथएवढी, लाल पेन्सिलने गोल भरायचा. मी फोटो ग्रुपवर टाकला. टाकायला नको होता, असं आईचं मत.

पण संसदेसाठी मला इथे मत नाही. त्यासाठी डच पासपोर्ट घ्यावा लागेल, आणि तो घेतला की भारतीय जाईल. भारतात मत आहे, पण मतदानाच्या दिवशी स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं, आणि मे महिन्यात मुलीची शाळा असते. रुटेंच्या राजीनाम्यावर मी जे काही बोलते ते एका मताचाही आधार नसताना, आणि दादाच्या मजल्यावर जे बोलते तेही. पासपोर्टचा अर्ज मी दोनदा उघडून बंद केलाय. त्यामागे देशभक्ती किती आणि कंटाळा किती, मला सांगता येणार नाही. माझ्या भारतीय पासपोर्टवर जो पत्ता छापलाय तो त्या गुंठ्याचाच. ज्या खोलीत मी बारावीचा अभ्यास केला ती कायद्याने अस्तित्वातच नाही, आणि तिच्याच पत्त्यावर सरकारने मला जगभर फिरायची परवानगी दिलीय.

दादा आता घर नियमित करून घ्यायच्या खटपटीला लागलाय. अण्णा अर्थातच थांबणार आहेत. कागद जमवताना वकिलाने सांगितलं, वडील गेल्यावर बहिणीचंही नाव लागतं, तिचं हक्कसोडपत्र आणा. दादाने मसुदा पाठवला, हेगच्या वकिलातीतून सही साक्षांकित करून पाठव म्हणाला. त्याच्या दृष्टीने ती नुसती औपचारिकता. वहिनीने खाली लिहिलं, "तुला तिकडे काय कमी आहे?"

मी सही केलेली नाही. भाडं नको, खोलीही नको. अर्जातल्या मालकांच्या रकान्यात दादाच्या नावाखाली माझं नाव घाल, असं त्याला कळवलंय, आणि घर नियमित करायच्या प्रशमन शुल्कातला निम्मा वाटा मी भरेन, पावती माझ्या नावाने फाड, हेही.