विटकरी रंगाचा गुलाबी केक

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आमच्या सोसायटीत 'गुलाबी रविवार' होणार, अशी नोटीस लिफ्टमध्ये लागली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'महिलांच्या विशिष्ट आजाराविषयी जागृती'. विशिष्ट म्हणजे कोणता, असं विचारल्यावर बायकोने आवाज खाली आणला. "अरे, तो. बायकांचा. वरचा."

वरचा म्हणजे सातव्या मजल्यावरचा का, हे विचारायचा मोह मी आवरला.

बेत असा होता की घरी केलेले पौष्टिक गोड पदार्थ विकायचे आणि जमलेले पैसे गरजू रुग्णांच्या उपचारांना द्यायचे. अटी तीन. साखर नको, मैदा नको, अंडं नको. या तीन गोष्टी काढल्या की केकमध्ये उरतो तो फक्त डबा. शिवाय रंग गुलाबी हवा, आणि तोही बाटलीतला नको. यंदा पुरुषांनीही काहीतरी करावं असं समितीत ठरलं, तेव्हा बायकोने हात वर केला. तो हात माझा होता, हे मला घरी आल्यावर कळलं.

नाचणीचं पीठ, किसलेलं बीट, गूळ, तेल आणि दही. वाटीतलं मिश्रण असं काही गुलाबी झालं की मी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे केक फुगावा म्हणून घातलेला चांगला चमचाभर खाण्याचा सोडा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं, त्यावर डबा ठेवला आणि चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं. आत वीट होती. रंगाने वीट, वजनानेही वीट. सुरी घातली तर वीट मात्र नव्हती, भुसभुशीत माती होती.

मग शोधाशोध केली. बीटाचा रंग आंबटात टिकतो. सोडा आणि आच लागली की त्याचा जीव जातो. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे केकला धरून ठेवणारं कुणीच नसतं. ही माहिती सगळ्यांना असते, फक्त केक करून झाल्यावर मिळते. दुसऱ्या खेपेला निम्मी कणीक घातली, सोडा चिमटीवर आणला, लिंबू पिळलं. या वेळी केक एकसंध निघाला. रंग मात्र विटकरीच्या अलीकडे यायला तयार नव्हता.

"हा गुलाबी आहे?" बायको म्हणाली.

मी म्हटलं, या मोहिमेची खूण असलेली गुलाबी फीतसुद्धा मुळात गुलाबी नव्हतीच. कॅलिफोर्नियातल्या शार्लट हेली नावाच्या बाई स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर पीच रंगाच्या फिती करून वाटायच्या. १९९२ मध्ये एका मासिकाने त्यांच्याकडे फीत मागितली. बाईंना तिचा धंदा होऊ द्यायचा नव्हता, त्या नाही म्हणाल्या. मग वकिलांच्या सल्ल्याने मासिकाने रंगच बदलला आणि गुलाबी आला.

"पीचसुद्धा नाहीये हा," बायको म्हणाली आणि वर पिठीसाखर भुरभुरायला निघाली. अटीची आठवण केल्यावर डबा परत फळीवर गेला.

साखरेवर समितीचा एवढा राग का, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. गूळ तरी कोण? साखरेचा गावाकडचा भाऊच. साखर खाल्ली की गाठ होते, असं सरळ गणितही नाही. पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन आणि मद्य हे मात्र धोका वाढवतात. पण मद्याचं नाव निघताच समितीतल्या दोन नवऱ्यांना एकदम पार्किंगचा प्रश्न आठवला आणि विषय गुळावर परतला.

रविवारी टेबलं लागली. खजुराचे लाडू, रताळ्याचा हलवा, बीटाची बर्फी. अध्यक्षांनी माईक घेतला. "आज आपण त्या... ज्या... म्हणजे त्या भागाच्या..." एवढं बोलून त्यांनी घाम पुसला. बोलावलेल्या डॉक्टर बाईंना अचानक शस्त्रक्रिया आली होती. बायको म्हणाली, "ह्याने वाचलंय सगळं." केक शिजायला चाळीस मिनिटं लागतात आणि माझे दोन केक झाले होते, तेव्हा आरोप खरा होता.

माईक हातात आला आणि मी म्हणालो, "स्तनाचा कर्करोग."

लाडू खाणारे थांबले. कुणाची तरी चमची पडली. चौथीतल्या एका मुलाने "म्हणजे काय?" विचारलं, आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडात बर्फी कोंबली. आता माघार नव्हती. गाठ बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच बायका दाखवत नाहीत, हे सांगितलं. बऱ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरला ठरवू द्यावं, हेही सांगितलं. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पुरुषांनाही हा होतो म्हटल्यावर अध्यक्षांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

नंतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्या टेबलाशी आल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांची मान नेहमीसारखी पावडरने पांढरीफटक. केकचा तुकडा तोंडात टाकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बोलता येत नव्हतं. पाणी प्यायल्यावर म्हणाल्या, "बोललास बरा. पण तो शब्द इतक्या मोठ्याने कशाला रे? खाली वॉचमन असतो."

केकचे चार तुकडे खपले. तीन आम्हीच घेतले.

मंगळवारी सकाळी काकू लिफ्टमध्ये भेटल्या. काखेत पिशवी, पिशवीत फाइल. काहीतरी वेगळं दिसत होतं, पण चटकन कळेना. मग लक्षात आलं, मान पांढरी नव्हती.

"त्या फोटोला उपाशी जायचं असतं का रे?"

"मॅमोग्राफीला? नाही काकू, तो स्तनांचा एक्स-रेच. फक्त पावडर लावून जायचं नसतं."

"ते सांगितलंय त्यांनी फोनवर. म्हणून तर अशी भुतासारखी निघालेय." मग लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाल्या, "तिथे फार वेळ बसवतात म्हणे. तुझा तो केक उरलाय का?"

"उरलाय की."

"किती?"

"जवळजवळ सगळाच."

"मग दोन तुकडे बांधून दे," काकू म्हणाल्या. "आणि पाण्याची बाटली. मोठी दे."