‘खरी असेल तर नाव सांगेल’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या नाशिकमधल्या सोसायटीच्या, भिशीच्या, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, खाली ‘जनहितार्थ, जास्तीत जास्त शेअर करा’. पंचवटीतल्या माझ्या मावशीने तो मला पाठवला आणि विचारलं, हे खरंय का रे? कारण तिच्या ग्रुपवर हा मेसेज पडला आणि लगेच कुणीतरी आपल्याच भागातल्या एका पोक्सो केसमधल्या (पोक्सो म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) मुलीची शाळा, इयत्ता आणि वडिलांचं दुकान कुठंय ते लिहून टाकलं, वर ‘पब्लिक रेकॉर्ड आहे, घाबरू नका’. ती मुलगी अजून शाळेत जाते. म्हणून हे लिहितोय आणि चिडूनच लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेने एपस्टीन प्रकरणात (अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप असलेला तिथला धनाढ्य) सगळ्या फायली उघड्या केल्या, मुलींच्या नावांसकट, आणि आपल्याकडे मात्र मोठ्यांना वाचवायला नावं लपवतात. एफआयआर पब्लिक डॉक्युमेंट असते त्यामुळे त्यातलं नाव शेअर करणं गुन्हा नाही. आरटीआय टाकला की जबाब आणि मेडिकल रिपोर्टसुद्धा मिळतो. पीडिता मयत असेल तर नाव घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. जी खरी असते ती नावानिशी समोर येते, लपते ती खोटी. आणि शेवटी, केस सरकारची असते, पीडितेला कायद्यात काही स्थान नाही, म्हणून लोकांनीच नाव घेऊन दबाव आणायचा.

आधी अमेरिका, कारण सगळा मेसेज तिच्यावरच उभा केलाय. एपस्टीनच्या फायली खुल्या करायचा कायदा तिथे १९ नोव्हेंबर २०२५ ला सही होऊन लागू झाला, त्यांच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ४२७ विरुद्ध १ मतांनी पास झाला होता. त्यात लिहिलंय की न्याय खात्याने ३० दिवसांत कागद लोकांना शोधता येतील, डाउनलोड करता येतील असे टाकायचे. पण पीडितांची ओळख पटेल असा मजकूर झाकायची मुभा त्याच कायद्यात आहे, आणि कुणा बड्या माणसाची बदनामी होईल, लाज जाईल किंवा राजकीयदृष्ट्या नाजूक आहे म्हणून एकही कागद दाबता येणार नाही हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे झाकायचं कुणाला आणि उघडं पाडायचं कुणाला हे इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना मेसेजवाल्याने ते बरोब्बर उलटं करून सांगितलंय. हां, एक गोष्ट मान्य करावी लागते, कागद बाहेर आले तेव्हा काही पीडितांची नावं खरंच झाकायची राहून गेली. पण ती घोडचूक होती, त्या बायकांनी आणि त्यांच्या वकिलांनी संतापून ती निस्तरायला लावली आणि खात्याला कित्येक कागद परत खाली उतरवावे लागले. त्या चुकीला ‘अमेरिकेचा आदर्श’ म्हणून आपल्याकडे फिरवताय?

आता एफआयआर. यात अर्धं खरं आहे आणि तेच जास्त घातक आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली सांगितलं की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, त्यामुळे चोरी, मारामारी, फसवणुकीची एफआयआर तुम्हाला घरबसल्या बघायला मिळते, हे खरंय. पण त्याच आदेशात लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील केसेस वगळल्यात. आणि मग सुप्रीम कोर्टाचाच ११ डिसेंबर २०१८ चा निपुण सक्सेना निकाल, जो या मेसेजच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला एकटा पुरून उरतो. त्यात कोर्टाने सांगितलंय की बलात्काराच्या आणि पोक्सोच्या एफआयआर पोलिसांनी पब्लिक डोमेनमध्ये टाकायच्याच नाहीत, ज्या कागदांवर नाव आहे ते सीलबंद ठेवायचे आणि लोकांच्या नजरेस पडू शकेल अशा रेकॉर्डमध्ये नाव काढलेली प्रत लावायची. छापील, टीव्ही, सोशल मीडिया, कुठेच नाव द्यायचं नाही, आणि नुसतं नावच असं नाही, ज्यावरून ती कोण हे लांबूनसुद्धा कळेल असं काहीही द्यायचं नाही. शाळा, इयत्ता आणि वडिलांचं दुकान सांगितल्यावर आपल्या गल्लीत कळायचं काय शिल्लक राहतं?

आणि शिक्षा आहे बरं का. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली अशी ओळख जाहीर केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मूल असेल तर पोक्सोचं कलम २३ वेगळं, त्यात तर नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, राहण्याचा परिसर हे सगळं एकेक करून लिहिलंय आणि सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकतं, तीही मुलाच्या हिताची असेल तरच. जम्मूतल्या कठुआच्या, आठ वर्षांच्या मुलीवरच्या बलात्कार-खुनाच्या केसमध्ये २०१८ साली दिल्ली हायकोर्टाने नाव छापणाऱ्या मीडिया कंपन्यांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटू असं समजू नका, फॉरवर्ड करणं म्हणजे पुन्हा एकदा प्रसिद्ध करणंच आहे.

मयत पीडितेबद्दलचं म्हणणं सरळ खोटं आहे. त्याच २०१८ च्या निकालात आहे की पीडिता हयात नसेल तर घरच्यांनी हो म्हटलं तरी नाव जाहीर करता येत नाही, तशी गरज असेल तर ते सेशन्स कोर्ट ठरवेल. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टरवरच्या बलात्कार-खुनाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्या डॉक्टरचं नाव, फोटो, व्हिडिओ सगळ्या सोशल मीडियावरून काढायला सांगितले होते. तेव्हा त्याच ग्रुपांवर तिचा फोटो लावून मेणबत्त्या लावणारे होते, त्यांचा हेतू चांगला असेल, पण कायदा तेव्हाही हाच होता.

आरटीआयवर फार वेळ घालवत नाही. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं हे खरं, पण उत्तर म्हणजे मागाल तो कागद असं होत नाही. खाजगी माहिती, तपासात अडथळा, कुणाच्या जिवाला धोका, यासाठी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये माहिती न देण्याची सूट आहेच. कुणा तिसऱ्या माणसाला मुलीचा मेडिकल रिपोर्ट हवाच कशाला हे त्याने आधी स्वतःला विचारावं. पोलिसांनी चार्जशीट वेळेत टाकली का, आरोपी बडा म्हणून एखादं कलम गाळलं का, हे विचारा ना. त्यासाठी मुलीचं नाव लागत नाही.

सगळ्यात संताप आला तो ‘खरी असेल तर समोर येईल’ या ओळीचा. हे वाक्य लिहिणाऱ्याने कधी एखाद्या पोरीला शाळा बदलताना बघितलंय का, घर बदलताना बघितलंय का, लग्नाचं जमताना चार ठिकाणी ‘ती तीच ना’ असं ऐकताना बघितलंय का? गुन्हा दुसऱ्याने केला आणि पत्ता हिचा फिरतोय. आणि जिथलं उदाहरण देऊन हे ज्ञान पाजळलंय तिथलंच बघा. एपस्टीनची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिच्यावर २०२१ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये खटला चालला, चार बायकांनी साक्ष दिली, पूर्ण नावाने फक्त एकीने. दोघी टोपण नावाने उभ्या राहिल्या, एक नुसत्या पहिल्या नावाने. ज्यूरीने सहापैकी पाच आरोपांत मॅक्सवेलला दोषी धरलं आणि पुढे २० वर्षांची शिक्षा झाली. मग कुठे अडला न्याय नावाशिवाय? त्या कोर्टात त्यांची उलटतपासणी झाली, आरोपीच्या वकिलांना त्या कोण हे माहीत होतं, न्यायाधीशांना माहीत होतं. ज्यांना कळणं गरजेचं होतं त्यांना सगळं कळलं. आपल्याकडेही तसंच असतं, नाव कोर्टापासून लपवलेलं नसतं, ते तुमच्या-माझ्या मोबाइलपासून लपवलेलं असतं आणि तेवढं तरी त्या मुलीला मिळालंच पाहिजे. एखादी स्वतः सज्ञान झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने समोर आली तर तिला सलाम, पण ते तिने ठरवायचं.

राहिला शेवटचा मुद्दा, की पीडितेला काहीच अधिकार नाहीत. हे लोकांना का पटतं ते मला समजतं. फिर्याद दिल्यावर घरच्यांना महिनोन्‌महिने काही कळत नाही, चौकीत गेलं की साहेब बंदोबस्ताला गेलेत, नंतर या, हे ऐकावं लागतं. अमेरिकेतही तेच झालं होतं. पीडितांना विश्वासात घ्या, खटल्यातल्या हालचाली कळवा असा केंद्रीय कायदा तिथे २००४ पासून आहे, तरी २००७ मध्ये फ्लोरिडातल्या सरकारी वकिलांनी एपस्टीनशी केंद्रीय खटला न भरण्याचा गुपचूप करार केला आणि मुलींना पत्ता लागू दिला नाही. दोघींनी २००८ मध्ये ‘जेन डो’ अशा टोपण नावाने केस टाकली, २०१९ मध्ये न्यायाधीश म्हणाले की हो, सरकारी वकिलांनी कायदा मोडला, आणि २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की आरोपच दाखल झाले नसताना या कायद्याखाली दावा लावता येत नाही. एवढी वर्षं त्या भांडल्या त्या आपल्याच केसमध्ये काय ठरतंय ते आपल्याला सांगायला हवं होतं म्हणून.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी तपास-खटल्याच्या प्रक्रियेचा कायदा) आहे आणि तिच्यात हे अधिकार लिहिलेत, ते त्या मेसेजवाल्याने एका ओळीत तरी सांगायचे होते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत कळवायचंय, फोनवर मेसेज करून कळवलं तरी चालतं. वकील लावलेला असेल तर चार्जशीटची प्रतही पीडितेला फुकट द्यायची आहे. सरकारने खटला मागे घ्यायचा म्हटला तर तिचं ऐकून घेतल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. आरोपी सुटला तर अपील करायचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये लखीमपूर खिरीच्या (आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या केसच्या) जामिनाच्या निकालात म्हटलंय की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडितेला ऐकलं गेलं पाहिजे. अशा पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, त्यात आर्थिक मदत मिळते. यातलं काही अडलं आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज केला की मोफत वकील मिळतो. मुलीचे आईवडील ओळखीचे असतील तर त्यांना तिथवर सोबत घेऊन जा, आणि ग्रुपच्या ॲडमिननी तो शाळा-इयत्तेचा मेसेज आजच्या आज काढून टाकावा.