ले माँ १९६६: शर्यत सात लिटरच्या इंजिनानं जिंकलेली नाही

"फेरारीनं कंपनी विकायला नकार दिला, चिडलेल्या फोर्डनं सात लिटरचं इंजिन टाकून अस्सल अमेरिकन गाडी बनवली, १९६६ मध्ये फ्रान्समधल्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिले तीन क्रमांक मारले, फोर्डचा चालक केन माइल्सला फसवलं गेलं आणि फेरारी तिथे पुन्हा कधी जिंकली नाही." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. नकार खरा आहे. १९६३ ची बोलणी रेसिंगवर हुकूम कुणाचा चालणार, या मुद्द्यावर फिसकटली. पहिले तीन क्रमांकही खरे. बाकीचं मात्र टिकत नाही.

"अस्सल अमेरिकन" हे आधी घेऊ. फोर्डच्या त्या गाडीचं नाव जीटी४०. तिचा पाया इंग्लंडच्या लोला कंपनीची, एरिक ब्रॉडलीनं आखलेली मार्क ६ ही गाडी. सुरुवातीच्या जीटी४० इंग्लंडमध्येच, स्लाउला बांधल्या गेल्या. गिअरबॉक्स आधी इटलीच्या कोलोट्टीचा, मग जर्मनीच्या झेडएफचा. तिची सात लिटरची आवृत्ती, मार्क टू, अमेरिकेत घडली हे बरोबर, पण १९६६ ला ती जिंकवणारे ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन दोघंही न्यूझीलंडचे. माइल्सचा जन्मही इंग्लंडचा. उलट, १९६५ ला जिंकलेली फेरारी २५० एलएम कारखान्याच्या संघाची नव्हती. ती लुइजी किनेट्टीच्या अमेरिकन संघानं उतरवली होती. गाडी, संघ आणि चालक सगळं अमेरिकन असलेला विजय १९६७ चा, नंतरच्या मार्क फोर आवृत्तीतून डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांचा. त्या दोघांचं श्रेय आदल्या वर्षाच्या खात्यावर टाकलं जातं, हे खरंच खटकतं.

आता मुख्य दावा, इंजिनाचा. तेच सात लिटरचं इंजिन घेऊन दोन गाड्या १९६५ लाही धावल्या होत्या. वेगात त्या सगळ्यांच्या पुढे होत्या, तरी मध्यरात्रीआधीच दोन्ही बाहेर पडल्या. एकीचा गिअरबॉक्स गेला, दुसरीचा क्लच. मोठ्या इंजिनाचा एक फायदा नक्की होता. फेरारीचं चार लिटरचं व्ही-१२ इंजिन आठ हजार आरपीएमच्या आसपास पिळावं लागे. फोर्डचं साधारण सव्वासहा हजारातच ४८० च्या वर अश्वशक्ती देई, म्हणजे चोवीस तासांत त्याची झीज कमी. पण हेच इंजिन वजनही घेऊन आलं आणि ते वजन ब्रेकवर पडलं.

हिशेब करून पाहा. ले माँची सरळ पट्टी जवळपास सहा किलोमीटरची आणि तिच्या टोकाला मुल्सानचं काटकोनी वळण. इंधन आणि चालकासह गाडी १,४०० किलोची धरली आणि वेग ताशी ३२० किमी, तर तिच्यात साडेपाच मेगाज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. वळणाआधीच्या काही सेकंदांत तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन चार डिस्कमध्ये उतरतो. बिडाची डिस्क लालभडक होते, आठशे अंश सेल्सिअसच्या घरात जाते. पुढच्या फेरीत त्याच लांब पट्टीवर ब्रेकला हातच लागत नाही, वारा लागतो आणि डिस्क थंड पडते. मग पुन्हा एकदम तापते. दर साडेतीन-चार मिनिटांनी हे चक्र. बीड या तापण्या-आकसण्यानं तडकतं. आधी पृष्ठभागावर केसासारख्या रेघा, मग आरपार भेग.

यावर उपाय काढला फोर्डच्या गाड्या शर्यतीत उतरवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या संघातल्या फिल रेमिंग्टननं. चाक काढलं की डिस्क आणि पॅड दोन्ही झटपट निघावेत आणि पिटमध्येच नवे बसावेत, अशी जोडणी त्यानं केली. शिवाय फोर्डच्या मुख्यालयी, डिअरबॉर्नला, इंजिन आणि गिअरबॉक्स टेस्ट बेंचवर चढवून ले माँच्या फेऱ्या, गिअर बदलण्यासकट, जशाच्या तशा पळवल्या गेल्या. एवढं करूनही आठ मार्क टूंपैकी तीनच शेवटपर्यंत पोचल्या.

माइल्सबद्दल वाईट वाटणं साहजिक आहे; शेवटी आघाडीवर असूनही तो दुसरा ठरला. एकत्र रेषा ओलांडायची हा फोर्डचाच निर्णय होता. पण क्रमांक नियमानं ठरला: फेऱ्या सारख्या असतील तर जास्त अंतर कापणारा पुढे, आणि मॅक्लारेनची गाडी सुरुवातीला माइल्सच्या मागे उभी होती, म्हणजे तिनं जास्त अंतर कापलं.

राहिलं "पुन्हा कधी जिंकली नाही". फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत, फोर्डच्या अंगणात, पहिल्या तिन्ही गाड्या फेरारीच्या होत्या. फोर्डच्या गिअरबॉक्समधून चाकांकडे ताकद नेणारे दांडे (आउटपुट शाफ्ट), धातू तापवून कडक करण्याची प्रक्रिया चुकल्यानं, एकामागून एक तुटले. सात लिटर तिथे काय करणार? त्या वर्षीचं प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांचं अजिंक्यपदही फेरारीनंच घेतलं. ले माँला तिला ५८ वर्षं थांबावं लागलं हे खरं. पण २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं तिथे फेरारीची ४९९पी पहिली आली आहे.