टीसीएल पावडर टाकू द्या

पावसाळा लागला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर विष आहे, तिने कॅन्सर होतो. आपल्या विहिरीचं पाणी नितळ आहे, ग्रामपंचायतीला पावडर टाकू देऊ नका. नाहीतर सरळ जार लावा.’ हे वाचून लोक खरंच पावडर अडवतात, म्हणून लिहितोय.

टीसीएल म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी, क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर. तिला विष म्हणण्याआधी प्रमाण बघा. 1000 लिटर पाण्याला साधारण 5 ग्राम पावडर, आणि ताज्या पावडरीतही क्लोरीन जेमतेम एक तृतीयांश. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्राम क्लोरीन उरावं, असं भारतीय मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा 5 मिलिग्रामची आहे.

कॅन्सरच्या भीतीला थोडा आधार आहे. पालापाचोळा कुजलेल्या पाण्यात क्लोरीन पडलं की ट्रायहॅलोमिथेनं तयार होतात, म्हणजे ज्यांचा कॅन्सरशी संबंध जोडला जातो अशी रसायनं. त्यावर उपाय म्हणजे आधी तुरटीने गाळ बसवणं. पण त्यापायी निर्जंतुकीकरणात कसूर नको, असं हीच संघटना बजावते.

आता नितळ पाणी. विहीर चांगली असेलही, पण घरात पाणी येतं ते पाइपातून. आपल्याकडे पाणी तासभर सुटतं, कुठे चार दिवसांआड. बाकी वेळ पाइप रिकामा, आणि तो बऱ्याचदा गटारातूनच गेलेला. जिथे चीर असेल तिथून घाण आत शिरते. कुणी नळाला थेट मोटर लावली की आणखी ओढली जाते. मग पाणी सुटलं की ती पहिल्याच हंड्यात. पाण्यात उरलेलं क्लोरीन इथे कामी येतं. ते आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही.

जारचं म्हणाल तर जानेवारी 2025 आठवा. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे पोटाच्या संसर्गानंतर होऊ शकणाऱ्या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा जार भरून देणाऱ्या तिथल्या खासगी आरओ (पाणी शुद्धीकरण) केंद्रांचं पाणीही दूषित निघालं आणि महापालिकेला ती बंद करावी लागली.

ग्रामपंचायतीला जाब जरूर विचारा, पण वेगळा. उघड्या, ओल लागलेल्या गोणीतल्या पावडरीतलं क्लोरीन उडून जातं. तेव्हा गोणी कधीची आहे, कुठे ठेवली आहे? आणि ओटी टेस्ट टाकीजवळच्या नळावर केली, की वस्तीतल्या शेवटच्या घरात?